डोळा मातीच्या वर

शेंदुरजनाघाटात, बसस्टँडसमोर,
माझं साडेसहा फुटांचं दुकान.
पाटीवर पेंटरनं लिहिलं होतं
रिचार्ज, ग्लास, चार्जिंगची पिन,
आणि खाली, जागा उरली म्हणून:
जुना फोन नव्यासारखा. दहा मिनिटं.

ती दहा मिनिटं म्हणजे एक बटन.
प्रोग्राम कुणी बनवला माहीत नाही,
मला तो वर्ध्याच्या एका पोरानं पेनड्राइव्हमधून दिला.
अर्धी अक्षरं मला न येणाऱ्या लिपीत.
मी मधलं निळं दाबायचो.
पट्टी सरकायची, फोन दोनदा विझायचा,
उठायचा तेव्हा रूट झालेला असायचा.
मग कंपनीचे ते न निघणारे गेम
मी उपटायचो गाजरगवतासारखे.
गिऱ्हाईक खूश. दीडशे रुपये.

चंद्रभागाबाई युवनाते आल्या तान्ह्या पोळ्याला,
एका हातात नातवाचा लाकडी बैल,
दुसऱ्यात पोराचा जुना फोन.
"गटाचा सारा हिसोब याच्यातच हाये,
अन् फोटो काढाले गेलं का म्हन्ते जागा नाई."
दहा मिनिटं बैल काउंटरवर उभा राहिला.
जागा झाली.

दिवाळी सरल्यावर परत आल्या.
"रातच्याले उशाशी तापते हा,
ताप आलेल्या लेकरावानी.
अन् ब्यांकेचं तं उघडतच नाई,
म्हन्ते हे उपकरण सुरक्षित नाही.
काय केलं तुनं याले?"

मी आत पाहिलं.
नाव नसलेलं, चित्र नसलेलं एक ॲप
सगळ्या परवानग्या घेऊन बसलेलं.
बँकेचे कोड यायचे,
बाईंच्या आधी कुणीतरी वाचायचं,
वाचून पुसायचं.
गटाचे किती गेले ते मी इथे लिहीत नाही,
ते पासबुक त्यांचं आहे.

समजावू कसं?
बाबा नर्सरीत कलमं बांधतात,
जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, वरून पट्टी.
रोपं नेणाऱ्याला दर वेळी बजावतात:
डोळा मातीच्या वर ठेवजा, वीतभर.
माती चढली का डिंक्या आलाच समजा,
अन् झाड कितीतरी दिवस हिरवंच दिसते.

तसंच म्हटलं, बाई,
वर तुम्ही, खाली मूळ,
मधे कंपनीनं एक साल ठेवलेली असते,
राग येईल इतकी जाड.
मी ती गेम काढायला सोलली
आणि परत बांधली नाही.

"म्हन्जे किल्ली तुह्यापाशी?"
नाही.
"मंग?"
मी लॅपटॉपकडे पाहिलं. ती लिपी.

सगळं पुसलं, कंपनीचं मूळचं परत टाकलं,
पण तेही जुनं, जुन्या भोकांसकट;
या मॉडेलला दुरुस्ती येऊन पाच वर्षं झाली.
बँकेचं सिम मी त्यांना
बटनाच्या फोनात घालून दिलं.
त्यांनी पैसे विचारले नाहीत, मी सांगितले नाहीत.

वहीत असे त्रेचाळीस फोन निघाले.
दुपारभर एकेकाला लावत बसलो.
ढोमणे म्हणाले, मस्त पळते, हात लावू नको.
एकानं तो अमरावतीला विकून टाकला होता,
कुणाला, त्याला आठवेना.
एका ठिकाणी उचलला, कुणी बोललं नाही,
नुसतं ऐकत होतं.
मी नाव सांगायच्या आधीच ठेवला.

रात्री बाबांना सांगितलं.
ते उद्याचे चाकू औषधात बुडवत होते,
एकेक काढून फडक्यावर ठेवत.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले,
"चाकू कोनाचा होता?"
मांगून आणलेला.
"पुसला होता?"